मोंढ्यातल्या व्यापारी मंडळींना, एका भाजीवालीच्या लेकीचं आभारपत्र

प्रति,
अध्यक्ष काका आणि आपल्या गावच्या व्यापारी महासंघाची सगळी मंडळी यांना,

सप्रेम नमस्कार.

मंगळवारच्या बाजारात, भाजीच्या ओळींमागे तुम्ही बायकांसाठी स्वच्छतागृह बांधलंत. बांधलंत त्याबद्दल आभार आहेतच. पण ते अजून चालू आहे, आत पाणी आहे, दिवा लागतो, दाराला आतून कडी आहे, यासाठी मुद्दाम हे पत्र लिहिते आहे. तुम्ही उद्घाटनाचा फ्लेक्स लावला नाहीत की पेपरात फोटो दिला नाहीत. त्यामुळे गावातल्या पुष्कळांना ते सरकारी कामच वाटतं. कुणी केलं आणि कसं केलं, हे गावाला आणि तालुक्याला कळावं म्हणून चारचौघांत लिहिते.

तुमच्यापैकी बरेच जण मला चेहऱ्याने ओळखता. माझी माय तुमच्या बाजारात मेथी, शेपू, कोथिंबीर विकते, थंडीत हरभऱ्याची कोवळी भाजी आणते. शाळेला सुट्टी असली की मी तिच्या शेजारी बारदान्यावर बसून सुट्टे पैसे सांभाळायचे. आता मी आरोग्यसेविका आहे आणि तालुक्यातल्याच एका उपकेंद्रात काम करते. त्यामुळे या विषयाच्या दोन्ही बाजू मला जवळून माहीत आहेत.

मायचा बाजाराचा दिवस आदल्या रात्री सुरू व्हायचा, आणि तो पाणी तोडण्यापासून सुरू व्हायचा. रात्रीच्या जेवणावर ती घोटभरच पाणी घ्यायची. पहाटे उठून जुड्या बांधायच्या, काळीपिवळी जीपने बाजार गाठायचा, तहबाजारीची, म्हणजे बाजारात बसायच्या कराची, पावती घ्यायची आणि दिवेलागणीला घरी पोहोचेपर्यंत पाण्याला शिवायचं नाही. चहासुद्धा नाही. मे महिन्यात आपल्या परभणी जिल्ह्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो. त्या उन्हात पालाखाली बसून जीभ कोरडी पडली की माय मेथीवर शिंपडायच्या पाण्यात दोन बोटं बुडवायची आणि ओठांना लावायची. भाजीला पाणी होतं. ओळीतल्या सगळ्याच बायकांचं हे असंच होतं. पाळीच्या दिवसांत तरण्या पोरी बाजारालाच येत नसत, म्हणजे त्या आठवड्याची कमाई बुडाली.

आपल्या गावात पाणपोईची रीत जुनी आहे. गुढीपाडव्याच्या सुमाराला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, फाटकाशी तुमचे लाल कापड गुंडाळलेले रांजण मांडले जातात, ते मृगाचा पाऊस पडेपर्यंत. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या वर्षी आपल्याकडेही टँकरशिवाय भागत नव्हतं, तरी तुम्ही रांजण कोरडे पडू दिले नाहीत. हमाल, मापाडी, माल घेऊन आलेले शेतकरी, सगळे पोटभर पाणी प्यायचे. आणि तिथून हाकेच्या अंतरावर बसलेल्या बायका तिकडे फिरकायच्या नाहीत.

हे लक्षात आलं ते भुसारवाल्या काकांच्या. पाणपोईचा हिशोब मांडताना त्यांनी बैठकीत विचारलं, बायका पाणी प्यायला का येत नाहीत? बैठकीत सगळे पुरुष, कुणालाच उत्तर माहीत नव्हतं. मग पुढच्या बाजाराला ते काकूंना सोबत घेऊन आले, स्वतः लांब उभे राहिले आणि काकू ओळीत एकेकीशेजारी बसून बोलल्या. माय त्या दिवशी घरी आल्यावर दोनदा सांगत होती, “आपल्याला विचारलं गं त्यांनी.” इतकी वर्षं बाजार भरतोय, बायका बसतायत, आणि हे विचारावंसं कुणाला वाटलं नव्हतं. तुमच्या कामातलं मला सगळ्यात मोठं वाटतं ते हेच.

दवाखान्याच्या बाजूनेही सांगते. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येणाऱ्या बायकांच्या तक्रारी ठरलेल्या असायच्या: लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, कणकण. दिवसभर लघवी दाबून धरली आणि पाणीही तोडलं की जंतुसंसर्ग होतो. तो वर चढून मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. पाणी कमी पडलं की मुतखडा होण्याचीही शक्यता वाढते. बाई गरोदर असेल तर अशा संसर्गाने दिवस भरण्याआधीच बाळंत होण्याचा धोका असतो. आम्ही तपासायचो, औषध द्यायचो, भरपूर पाणी प्या म्हणायचो. ती मान डोलवायची आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा तशीच बसायची, कारण प्यायलेल्या पाण्याचं पुढे काय करायचं याचं उत्तर आमच्या औषधाच्या कपाटात नव्हतं. बायकांना सार्वजनिक ठिकाणी स्वच्छ, मोफत मुतारी मिळावी या हक्कासाठी मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ नावाने चळवळ उभी राहिली. तालुक्याच्या गावाच्या आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बाईसाठी कोण उभं राहणार होतं?

खरं म्हणजे बाजारात शौचालय आधीही होतं. एका योजनेतून बांधलेलं, फरशी बसवलेलं, भिंतीवर घोषणा रंगवलेलं. नळ बसवला होता, पण त्याला पाणी नव्हतं आणि झाडायला माणूस नव्हता. काही महिन्यांत दार उघडवेना, मग कुलूप लागलं, मग आत मोडक्या खुर्च्या आणि कमानींचे बांबू येऊन पडले. सार्वजनिक शौचालयं बांधणं आणि राखणं हे १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्याने नगरपरिषदेचं कर्तव्य आहे. तेवढं बोट दाखवून तुम्हाला मोकळं होता आलं असतं. शिवाय तुम्ही हे काम हाती घेतलं त्या काळात राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. वॉर्डातला निवडून आलेला माणूस नाही, त्यामुळे गाऱ्हाणं न्यायचं कुणाकडे हाही प्रश्नच. मेडिकलवाले दादा दुकान भावावर सोपवून जागेच्या परवानगीसाठी आणि नळजोडणीसाठी खेटे घालत राहिले. त्यांचं नाव ते लिहू देणार नाहीत, म्हणून लिहीत नाही.

जागेची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. तुम्ही पहिल्यांदा ऑटो स्टँडच्या बाजूची जागा आखली होती. जवळ, रस्त्याला लागून, नळाची लाइनही शेजारून गेलेली. मायने आणि तिच्या ओळीतल्या बायकांनी काकूंना सांगितलं की तिथे दिवसभर गडीमाणसं उभी असतात, त्यांच्यादेखत कुणी बाई आत शिरायची नाही. चुन्याच्या फक्कीने आखणी झाली होती, गवंड्याला विसार दिला होता. तरी तुम्ही ती आखणी पुसलीत आणि ओळींमागची जागा घेतलीत. नळाची लाइन लांबली, खर्च वाढला. दार रस्त्याकडे न ठेवता आडभिंतीच्या आत घेतलंत. आत गेल्यावर भिंतीला खांद्याच्या उंचीवर लोखंडी खुंटी आहे, खाली छोटा कट्टा आहे आणि झाकणाची बादली आहे. बाजारात बाईच्या कमरेला दिवसभराच्या पैशांची पिशवी असते. ती ओल्या फरशीवर ठेवता येत नाही आणि बाहेर कुणाच्या हाती देता येत नाही. एका खुंटीचा खर्च तो किती, पण ही अडचण ज्यांनी ध्यानात धरली त्यांना माझा नमस्कार आहे.

बांधून झालं तरी पहिले काही बाजार बायका गेल्या नाहीत, कारण मागे माल कोण बघणार? घटकाभर उठलं की गिऱ्हाईक शेजारणीकडे जातं, नाहीतर गाय मेथीत तोंड घालते. तेव्हा ओळीला लागून असलेल्या दुकानदारांनी आपापल्या समोरच्या चार-पाच जणींच्या टोपल्या वाटून घेतल्या. कापडवाल्या काकांचा गडी मायच्या जुड्या विकून पैसे टोपलीखाली ठेवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पैसे घ्यावेत की नाही यावरून तुमच्यात बराच वाद झाला, असं ऐकलं. पाच रुपये घेतले तर देखभाल निघेल, हे म्हणणं चुकीचं नव्हतं. पण जिची जुडी दहा रुपयांना जाते ती बाई दिवसातून दोनदा पाच रुपये देणार नाही, ती पाणी तोडेल. तुम्ही दुकानामागे महिना पन्नास रुपये वर्गणी ठरवलीत आणि बायकांना फुकट ठेवलंत. ती वही मी पाहिली आहे. काही दुकानांपुढे ‘बाकी’ लिहिलंय, पुढे वसुलीची तारीखही आहे. त्या वर्गणीतून सफाई करणाऱ्या ताईला दरमहा पगार जातो, हातमोजे आणि गमबूट मिळतात, तिच्या सुट्टीला बदली बाई येते आणि टाकी भरली की मैला उपसणाऱ्या गाडीचं भाडं निघतं. आपल्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा. त्यामुळे सोमवारी रात्री वरची टाकी भरलेली आहे की नाही, हे हॉटेलवाले दादा स्वतः शिडी चढून बघतात. गावोगाव शौचालयांची कुलपं मी पाहिली आहेत. इमारती सगळीकडे आहेत. सोमवारी रात्री शिडी चढणारा माणूस नसतो.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, शेतं वाहून गेली, आपल्या बाजारातही पाणी भरलं. तुमच्या दुकानांत पोती भिजली होती, तळाचा माल गेला होता. तरी पाणी ओसरल्यावर तिसऱ्याच दिवशी स्वच्छतागृहातला गाळ काढून, फिनेल टाकून ते उघडलं होतं. तो बाजार अर्धाच भरला होता, कारण विकायला भाजीच उरली नव्हती. ज्या आल्या त्यांची सोय झाली.

तुमची बाकी कामंही गाव पाहतंच आहे. करोनाच्या टाळेबंदीत घरपोच किराणा दिलात. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१८ साली बंदी आल्यावर बचत गटाच्या बायकांकडून कापडी पिशव्या शिवून घेतल्यात. बाजारात दिवे लावलेत. पण एका कामाचा उल्लेख करायलाच हवा: मुख्य रस्त्यावरच्या नाल्या. दुकानांचे ओटे आणि पायऱ्या नालीवर आल्या होत्या, त्यामुळे खालचा गाळ निघायचा नाही आणि पहिल्या पावसात घाण पाणी भाजीच्या ओळीत यायचं. तुम्ही नोटिशीची वाट न बघता आपापले ओटे स्वतः फोडलेत, सुरुवात अध्यक्ष काकांच्या दुकानापासून झाली. आता नालीवर उचलता येणाऱ्या फरश्या आहेत. स्वतःच्या दुकानाची पायरी फोडायला किती जीवावर येतं, हे व्यापाऱ्यालाच ठाऊक.

माय आता सकाळी दहाला चहा घेते. बाटली सोबत असते, ती पाणपोईवर भरून आणते. जळजळीचा त्रास तिला बराच कमी झाला आहे, आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात त्या तक्रारी घेऊन येणाऱ्या आपल्या बाजारातल्या बायका मला कमी दिसतात. मी मोजदाद ठेवलेली नाही, पण चेहरे ओळखते. पाळीत घरी राहणाऱ्या पोरी आता बाजाराला येतात.

दोन विनंत्या आहेत, आभाराच्या पत्रात शोभतील की नाही माहीत नाही, पण तुम्ही ऐकून घेता म्हणून लिहिते. स्वच्छतागृह संध्याकाळी सहाला बंद होतं. भाजीच्या बायका मात्र साडेसात-आठपर्यंत बसतात, आणि अंधार पडल्यावरच त्यांची अडचण जास्त असते. ताईवर भार न टाकता दीड-दोन तास वाढवता आले तर बघा. दुसरं, ओळीत गरोदर आणि म्हाताऱ्या बायका आहेत, त्यांना उकिडवं बसवत नाही. एका ठिकाणी कमोड बसवता आला आणि शेजारी भिंतीला धरायला दांडी लावता आली तर फार बरं होईल.

ओळीतल्या बायकांनीही आपसांत एक ठरवलंय. उन्हाळ्यात टाकी भरायला टँकर लागतो, त्याच्या पैशात दर बाजाराला प्रत्येकी दोन रुपये त्या घालणार आहेत. नको म्हणू नका, त्यांनी डबा आधीच आणलाय. पुढच्या बैठकीला त्यांच्यातल्या दोघी येऊन रक्कम वहीत लिहून घेतील आणि या दोन विनंत्यांवरही बोलतील. बैठक तेवढी मंगळवारी ठेवू नका.

आपली,
मेथीवाल्या मावशींची लेक