पॉइंट टू-टूलाही निरोप द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2020च्या प्रजासत्ताक दिनी उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री-नॉट-थ्री रायफलीला संचलनात समारंभपूर्वक निरोप दिला. त्याच्या बातम्या सगळीकडे झळकल्या. तिच्या धाकट्या बहिणीची, म्हणजे एनसीसीतल्या पॉइंट टू-टूची, मात्र कुणी दखल घेत नाही. खरे तर महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यांतल्या कॉलेजांतून गेलेल्या हजारो मुलामुलींच्या हातात आयुष्यात एकच रायफल आली, आणि ती हीच होती.

एनसीसीतली जुनी ‘नंबर टू मार्क फोर’ ही अंगापिंडाने थ्री-नॉट-थ्रीच. तेच लाकूड, तोच बोल्ट, चार किलोच्या आसपास वजन. फक्त नळी 5.6 मिलिमीटरच्या गोळीची. मॅगझिन नावालाच, एक-एक राउंड हाताने भरायचा, झाडायचा, बोल्ट मागे ओढायचा. गोळी इतकी लहान की खांद्याला धक्का जवळजवळ बसतच नाही. म्हणूनच पहिल्यांदा रायफल धरणाऱ्या सतरा वर्षांच्या पोरांना ती मानवायची. नंतर इच्छापूरच्या कारखान्यातली हलकी ‘डीलक्स’ आली. ती वापरायला सोपी असेल, पण जुन्या छात्रसैनिकाला विचारा, तो पहिलीचेच नाव घेईल.

रेंजवरची एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. 25 मीटरवर पाच राउंड झाडल्यावर उस्ताद (प्रशिक्षक) बुल, म्हणजे टार्गेटचा मध्य, लागला का हे आधी बघत नाहीत, ग्रुप बघतात. पाचही भोके टार्गेटच्या एका कोपऱ्यात का असेनात, जवळजवळ हवीत. एखादा बुल आणि बाकीच्या चार गोळ्या चारी दिशांना, तर शाबासकी नाहीच, वर बोलणी. साइट (नेम धरायची खूण) नंतर दुरुस्त करता येते; श्वास, ट्रिगरवरचे बोट आणि शिस्त दर वेळी सारखीच ठेवणारा हात आधी तयार व्हावा लागतो. नशिबाने लागलेल्या नेमाला मान नाही, हे आम्हाला पाठ्यपुस्तकाने नव्हे, या रायफलीने शिकवले.

दुसरी गोष्ट खोक्यांची, म्हणजे झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांची. जितके राउंड दिले तितकी रिकामी खोकी मोजून परत. एक कमी पडले की सगळी डिटेल, म्हणजे एका वेळी रेंजवर असलेली तुकडी, गवतात ओणवी. वैताग यायचा, पण शस्त्राचा हिशेब कसा ठेवतात हेही तिथेच कळले. मग पुलथ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) चिंदी लावून नळी साफ करणे, तेलाचा हात, आणि बट नंबर, म्हणजे रायफलीच्या दस्त्यावरचा क्रमांक, सांगून रायफल कोतात (शस्त्रागारात) जमा. तो बट नंबर साठीतल्या माणसांनाही आठवतो. लग्नाची तारीख विसरणारे आमचे एक मित्र यात आघाडीवर आहेत.

शस्त्राबद्दल कसले हळवे व्हायचे, असे काही वाचक म्हणतील. त्यातले निम्मे मला मान्य आहे. 26 नोव्हेंबर 2008च्या रात्री सीएसटी स्थानकात एके-47 घेऊन आलेल्यांसमोर आपले पोलीस थ्री-नॉट-थ्री घेऊन उभे होते. बंदोबस्तावरच्या माणसाच्या हातात जुने हत्यार देणे ही भावना नव्हे, हेळसांड आहे. पण पॉइंट टू-टू कधी लढायला नव्हतीच, ती शिकवायला होती. अंजली भागवत एनसीसीतूनच नेमबाजीकडे वळल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 साली म्युनिकला जगज्जेतेपद मिळवले आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024मध्ये पॅरिसला कांस्यपदक आणले, ते 50 मीटर प्रकारात. त्यांच्या रायफली अत्याधुनिक आणि महागड्या, पण गोळी याच मापाची.

आता एनसीसीत सिम्युलेटर येत आहेत. त्याला विरोध नाही. काडतुसे वाचतात, पावसाळ्यातही सराव होतो. मात्र पडद्यावर कितीही सराव करा, कानाशी पहिला आवाज झाल्यावर पापणी लवते की नाही, हे रेंजवरच कळते. प्रत्येक छात्रसैनिकाला प्रत्यक्ष पाच राउंड तरी मिळावेत.

आणि जुन्या रायफली बाद करताना प्रत्येक बटालियनने निदान एक राखून ठेवावी. बोल्ट काढून, नळी बुजवून, ती पुन्हा कधीच झाडता येणार नाही याची कायदेशीर खात्री करून बटालियनच्या आवारात काचेच्या पेटीत लावावी. खाली बट नंबर आणि ती ज्या कॉलेजांच्या मुलांनी वापरली त्यांची नावे असावीत. सरकारकडे पैसे नसतील तर पेटीचा खर्च माजी छात्रसैनिक वर्गणी काढून देतील. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर रंग कोणता द्यायचा यावर आत्ताच भांडण सुरू झाले आहे.

आपला,
एक माजी छात्रसैनिक, सातारा