परसात तुंबणारे पाणी: मित्रास पत्र

नांदेड

प्रिय दिनकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. परसात पाणी दोन-दोन दिवस तुंबते, लिंबोणी पिवळी पडली आणि पपई बुडातून कुजली, हे वाचून वाईट वाटले. नवल मात्र वाटले नाही. बेसाल्ट झिजून झालेल्या आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे चिकण खनिज भरपूर असते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून मृगाचा पहिला पाऊस ती घटाघटा पिते. एकदा फुगून भेगा मिटल्या, की पुढचे पाणी वरच उभे राहते.

ट्रॉलीभर वाळू मिसळण्याचा गवंड्याचा सल्ला कृपा करून मानू नकोस. थोडक्या वाळूने चिकण माती सैल होत नाही, उलट वाळल्यावर अधिकच घट्ट बसते. फरक पडावा एवढी वाळू घालायची, तर निम्मी माती उपसावी लागेल.

आधी स्लॅबचे पाणी बघ. तुझा मागचा पाइप थेट परसात सुटतो. 50 चौरस मीटर स्लॅबवर 40 मिलिमीटर पाऊस झाला, तर 2000 लिटर पाणी त्या एकाच कोपऱ्यात पडते. तो पाइप बोळातून रस्त्याच्या गटारीकडे वळव किंवा टाकीत सोड. माझ्या मते निम्मा त्रास एवढ्यानेच मिटेल.

शोषखड्ड्याची घाई नको. फूट-दीड फुटाचा खड्डा घेऊन तो पाण्याने भर, ते जिरू दे आणि पुन्हा भर. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच असेल, तर त्या थरातला शोषखड्डा म्हणजे नुसता झाकलेला हौद. मुरूम चार-पाच फुटांवर लागत असेल, तरच खड्डा तिथवर न्यावा, आणि तोही घरापासून दहा फूट तरी लांब, कारण पायाजवळची काळी माती एका बाजूने भिजून फुगली की भिंतीला तडे जातात.

मुरूम खोल असल्यास चर काढ: दीड फूट खोल, फूटभर रुंद, दर दहा फुटांना दीड इंच उतार. तळाशी जिओटेक्स्टाइल कापड अंथरून थोडी खडी टाक, तीवर भोकांचा चार इंची पीव्हीसी पाइप भोके खाली करून ठेव, पुन्हा खडी भर आणि वरून कापड दुमडून घे, म्हणजे गाळ शिरून पाइप चोंदणार नाही. पाइपाचे तोंड जिथे सुटणार, तिथला तळ त्याहून खाली आहे ना, हे मात्र खोदण्यापूर्वीच तपास; तेवढा उतार मिळत नसेल, तर सगळा खर्च पाण्यात जाईल.

दिवाळीनंतर वाफसा आला की काम काढ. मुठीत दाबलेला मातीचा गोळा खाली टाकताच फुटला, तर वाफसा आला असे समज. त्याआधी ओल्या मातीत फावडे घातलेस, तर ढेकळे दगडासारखी होतील. मग कुजलेले शेणखत मिसळून नऊ इंच उंचीचे गादीवाफे कर, नवी लिंबोणी उंचवट्यावर लाव आणि सखल कोपऱ्यात अळू नि कर्दळ राहू दे. त्यांना ओल मानवते.

खोदाईचा दिवस ठरला की कळव. पाण्याची लेव्हलनळी मी घेऊन येतो, कारण मजुरांना उतार अंदाजाने सांगून चालत नाही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत