शेवटचा पेग कुठे घेतला, हे विचारा

मा. राज्य उत्पादन शुल्क मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला आणि जुलैमध्ये वरळीला, दारू पिऊन चालवल्याचा आरोप असलेल्या गाड्यांखाली माणसे चिरडली गेली, मग बारना सील लागले. चर्चा झाली ती दारू मिळण्याच्या वयाची: बिअरला २१, व्हिस्कीला २५. ती व्हायलाच हवी. पण पंचेचाळिशीतल्या, जीभ जड झालेल्या गिऱ्हाइकापुढे सहावा पेग ठेवणाऱ्या बारचे काय?

३० मिलीच्या स्मॉल पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ६५० मिलीच्या, ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरमध्ये ४१ ग्रॅम. म्हणजे ‘फक्त बिअर’ घेतलेला माणूस चार पेग पोटात घालून उठतो. शरीर तासाला जेमतेम एक स्मॉल जिरवते. वेटर मात्र टेबल मोजतो, माणूस मोजत नाही. ‘रिपीट’ म्हटले की सगळ्यांना रिपीट. बिलावर बारा पेग दिसतात, कोणी किती घेतले ते कुठेच नाही. सगळ्यात घातक वेळ लास्ट ऑर्डरची. दोन-दोन पेग एकदम मागवून घाईघाईने संपवले जातात आणि ती दारू पुरती चढते अर्ध्या-एक तासाने, गाडी रस्त्यावर आल्यावर.

गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडले की मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागते. गुन्हा पोलिसांकडे, बारचा परवाना तुमच्या खात्याकडे. नाकाबंदीत पकडलेल्या प्रत्येकाला ‘शेवटचा पेग कुठे घेतला?’ हे विचारून नोंदवा. ती यादी दर महिन्याला तुमच्या जिल्हा अधीक्षकांकडे यावी. ज्या बारचे नाव तीनदा येईल, तिथे रात्री अकरानंतर साध्या वेशातला निरीक्षक बसवा.

स्टॉकहोममध्ये नटांना दारुड्याचे सोंग घ्यायला लावून बार तपासले. १९९६ मध्ये शंभरातल्या जेमतेम ५ वेळा त्यांना नकार मिळाला, २००१ मध्ये ७० वेळा. मधल्या काळात नोकरांना प्रशिक्षण मिळाले आणि परवान्यांवर करडी नजर राहिली. नुसत्या प्रशिक्षणावर आमचा भरवसा नाही.

कारवाई मात्र मालकावर हवी. वेटरची कमाई टिपवर चालते. ‘साहेब, आता पुरे’ म्हणायला त्याला मालकाचा लेखी आधार लागतो. तो आधार परवान्याचीच अट म्हणून लिहून घ्या: दर माणशी पेगची नोंद, लास्ट ऑर्डरला माणशी एकच स्मॉल, आणि तोल गेलेल्या माणसाच्या हातात व्हॅलेने (गिऱ्हाइकाची गाडी लावून देणाऱ्या नोकराने) गाडीची किल्ली द्यायची नाही. किल्ली त्या क्षणी बारच्याच फळीवर टांगलेली असते.

आपले,
हॉटेल व्यवसायातील आणि रस्ता सुरक्षेचे काम करणारे काही जण