सालमन घरी येतो तो नाकानं

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या कट्ट्यावर परवा एक वाद झाला, त्याचा निकाल तुमच्या पेपरात लागावा म्हणून लिहितोय. उजनीच्या चिलापीवरून विषय निघाला आणि गेला चढणीच्या माशांवर, लहानपणी मिरगाचा पाऊस पडून सीनेला नवं पाणी आलं की मासे उलटे वर ओढ्यात घुसायचे आणि आम्ही पोरं टोपल्या घेऊन उभे. मी म्हणलं अमेरिकेतला सालमन याच्या वरताण आहे, समुद्रात काही वर्षं काढून अंडी घालायला परत जन्मलेल्याच नदीत येतो. मित्र म्हणे काठावरच्या खुणा बघून येत असणार. अहो नाही, वासानं!

भर समुद्रात त्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार असतो, पण नदीजवळ आला की पुढचं काम नाकाचं. माती, पालापाचोळा, शेवाळ यानं प्रत्येक ओढ्याच्या पाण्याला वेगळा वास असतो, आणि पिल्लू समुद्राकडं निघायच्या वयात तो डोक्यात पक्का बसतो. हे आर्थर हॅस्लर या शास्त्रज्ञाला सुचलं ते 1946 साली, अमेरिकेतल्या युटा राज्याच्या डोंगरात. धबधबा दिसायच्या आधीच शेवाळाचा आणि रानफुलांचा वास आला आणि लहानपणीचं विसरलेलं सगळं आठवलं. (पुण्याहून आलो की गल्लीत शेंगाचटणी कुटल्याचा वास येतो, माझंही तसंच होतं.)

मग त्यानं आणि विस्बी या त्याच्या विद्यार्थ्यानं वॉशिंग्टन राज्यात इसाक्वा ओढ्याच्या दोन फाट्यांवर परत आलेले सालमन धरले, निम्म्यांच्या नाकात बोळे घातले आणि सगळ्यांना खाली नेऊन सोडलं. नाक मोकळं असलेले बहुतेक आपापल्या फाट्यात गेले, बोळेवाले कुठंही. डोळे तर सगळ्यांचे उघडेच होते की! पुढं 1970 च्या दशकात पिल्लांना मॉर्फोलिन नावाच्या रसायनाची सवय लावून मिशिगन सरोवरात सोडली, दीड वर्षानं एका ओढ्यात तेच रसायन थेंब थेंब सोडलं तर ती तिथंच आली, जिथं कधी गेलीच नव्हती.

एवढं तिखट नाक, पण पाण्यात लिटरमागे काही मायक्रोग्रॅम तांबं मिसळलं तरी मंद होतं. रस्त्यावर गाड्यांच्या ब्रेकची जी झीज पडते त्यात तांबं असतं, पावसानं ते ओढ्यात जातं. मासा मरत नाही, धडधाकट दिसतो, फक्त वास कळेना होतो.

पत्र छापा साहेब, भज्यांची पैज लागलीय आणि मित्र छापलेलं दाखवल्याशिवाय पैसे काढत नाही.

— एक वाचक, सोलापूर