ज्येष्ठांचा तोलाविषयीचा विश्वासही मोजला जावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्य केंद्रांत ज्येष्ठांचा रक्तदाब आणि साखर नेमाने तपासली जाते. पण पायऱ्या उतरताना तोल जाणार नाही याची त्यांना स्वतःला कितपत खात्री वाटते, हे पडण्याआधी विचारले गेल्याचे माझ्या पाहण्यात फारसे नाही. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात साठीपुढच्यांचे प्रमाण ११.२ टक्के होते आणि राज्यांमध्ये केरळच तेवढे आपल्या पुढे होते. त्यामुळे हा प्रश्न आपल्याला जवळचा आहे.

पडण्याची धास्ती कधीही न पडलेल्यांनाही असते. या धास्तीने माणूस अंगणात उतरणे, देवळात जाणे, बसने बाजार गाठणे एकेक करून सोडतो, घरचेही काळजीपोटी ‘बसूनच राहा’ म्हणतात आणि वापर थांबल्याने पायांचे स्नायू दुबळे होऊन पडण्याचा धोका खरोखरच वाढतो.

हा विश्वास मोजता येतो. पॉवेल आणि मायर्स या कॅनडातील संशोधकांनी १९९५ मध्ये सोळा प्रश्नांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. वाकून चप्पल उचलणे, केर काढणे, जिना चढणे-उतरणे अशा प्रत्येक कामासाठी व्यक्ती शून्य ते शंभर टक्क्यांत आपली खात्री सांगते आणि त्याची सरासरी काढली जाते. सरासरी ५० च्या खाली गेली, तर त्या व्यक्तीची हालचाल बरीच मर्यादित झाली आहे असे समजतात. मात्र तिच्यातला शेवटचा प्रश्न बर्फाळ पदपथावरून चालण्याचा आहे, जो आपल्या आजी-आजोबांना विचारण्यात काहीच अर्थ नाही. त्याजागी पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्या, देवळाच्या तळीचे उतार किंवा जत्रेतल्या गर्दीचा धक्का यांविषयी विचारावे लागेल. प्रश्न बदलले की जुने निकष तसेच लावता येत नाहीत, म्हणून मराठी आणि कोंकणी आवृत्त्या आधी गोव्यातील ज्येष्ठांवर नीट पारखून घ्याव्यात, असा माझा आग्रह आहे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने हे काम हाती घ्यावे.

केवळ या आकड्यावर मात्र विसंबू नये, कारण काहींचा विश्वास पायांतल्या बळापेक्षा मोठा असतो आणि मला त्यांचीच अधिक काळजी वाटते. खुर्चीतून उठून तीन मीटर चालणे, वळून परत येणे आणि बसणे, ही चाचणी सोबत घ्यावी. तिला १२ सेकंद किंवा अधिक लागल्यास धोका आहे असे मानतात. पाय भक्कम पण मन धास्तावलेले असेल, तर देखरेखीखाली तोलाचे व्यायाम द्यावेत. उलट स्थिती असेल, तर न्हाणीत धरायला दांडा बसवावा, चप्पल तपासावी, आणि झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांनी चक्कर येते का, हे डॉक्टरांनी पाहावे.

या दोन्ही तपासण्यांना महागडे यंत्र लागत नाही. आरोग्य संचालनालयाने निदान काही केंद्रांत, साखर तपासायला येणाऱ्या ज्येष्ठांपासून, पावसाळ्याआधी सुरुवात करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट, फोंडा