चाचा, डिकीच्या आतल्या त्या रिंगसाठी मनापासून थँक्यू

चाचा, सलाम.

आमच्या गाडीच्या डिकीचं काम तुम्ही केलंत, त्याबद्दलचं हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्हाला समोर बसून थँक्यू म्हटलं की तुम्ही "चहा घे बेटा" म्हणून विषय बदलता. तुमची नात वाचून दाखवेल तेव्हा मधेच उठून गॅरेजमध्ये जाऊ नका, शेवटपर्यंत ऐका.

मागच्या गुरुवारी अण्णांना घेऊन नरसोबाच्या वाडीला गेले होते. रांग किती आहे ते आधी बघून येते म्हटलं आणि अण्णांना गाडीतच बसवलं, उकडत होतं म्हणून ब्लोअर चालू, रेडिओ चालू, इंजिन बंद. मला पाऊण तास लागला. परत आले तर अण्णांना तातडीने बाथरूमला जायचं होतं आणि वॉकर डिकीत. गाडीची चावी बंद केली, डिकी उघडायचा स्विच दाबला, नुसतं टक. परत दाबला, परत टक. बॅटरी उतरलेली. मागे जाऊन उभी राहिले, जिथे चावी घालायचो तिथे आता तुम्ही केलेला गुळगुळीत पांढरा पत्रा, हात कुठे घालणार? माझ्या पोटात गोळाच आला. आणि तेवढ्यात तुमचं वाक्य आठवलं, "मागची सीट, डाव्या अंगाला, रिंग." मागच्या सीटवर गुडघे टेकले, सीटमागचा ट्रे उचलला, रिंग ओढली आणि खट् करून डिकी वर. एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. अण्णांची अब्रू राहिली चाचा, यापेक्षा वेगळं काय सांगू.

ज्यांना हे सगळं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागून सांगते. आमची मारुती 800, 2004 ची, पांढरी, अण्णांनी स्वतःच्या पैशाने घेतलेली पहिली आणि एकच गाडी. भावाने कॉलेजात असताना डिकीला स्पॉयलर लावला होता, तो पुढे काढून टाकला पण त्याची 4 भोकं राहिली. एका दुकानात ती भोकं बुजवून घेतली होती, त्यांनी गंजावरच पुट्टी थापली आणि वरून रंग मारला, एक पावसाळा गेला आणि रंगाला फोड आले, नखाने टोकरलं तर पुट्टीची खपलीच हातात आली आणि खाली सगळा लाल भुगा. त्यात 2 वर्षांपूर्वी अण्णांना अर्धांगवायू झाला, उजवा हात गेला. आमच्या गाडीची डिकी फक्त चावीनेच उघडायची आणि ते कुलूप इतकं घट्ट की मलाच दोन्ही हात लावायला लागायचे. अण्णा आयुष्यभर डिकी स्वतः उघडणारे, भजनाचा तबला-डग्गा त्यातच असायचा, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांना गाडीत बसून मी सामान काढायची वाट बघताना बघणं मला फार जड जायचं.

म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुमच्या गॅरेजात आले. मी सांगितलं की भोकं बुजवा, कुलपाचं भोकसुद्धा बंद करा, डिकी एकदम साफ करा आणि बटणावर उघडेल असं करा. तुम्ही काहीच न बोलता डिकीवर टिचक्या मारत फिरलात, आणि मग एकच विचारलं, "भोक बंद केलं आणि उद्या करंट नाही आला, तर चावी कुठून घालणार बेटा?" मला उत्तर आलं नाही. तुम्ही म्हणालात बघू, आणि काम घेतलं.

नंबर प्लेटचंही तुम्हीच सुचवलंत. माझ्या डोक्यात प्लेट खाली बंपरवर घ्यायची, म्हणजे अख्खी डिकी सपाट दिसेल. तुम्ही सरळ नाही म्हणालात, प्लेट कंपनीने दिली तिथेच राहणार, पुढच्या पासिंगला नस्ती भानगड नको. वर हेही सांगितलंत की एप्रिल 2019 आधीच्या गाड्यांनाही आता एचएसआरपी, म्हणजे ती हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, लागते, ती स्नॅप लॉकने बसवतात, एकदा बसली की काढताना लॉक तुटतंच, मग रंगासाठी परत काढणार कशी, तेव्हा आधी डिकी मग प्लेट. रंगही तोच ठेवायला लावलात म्हणजे आरसीत बदल नको. हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं असं मला वाटत नाही, काम घ्यायचं आणि पैसे घ्यायचे एवढंच बरेच जण बघतात.

मी शनिवारची सुट्टी धरून दिवसभर तुमच्याकडे बसले होते ते बरं झालं. आधी तुम्ही ग्राइंडरने गंजलेला भाग चमकता पत्रा दिसेपर्यंत काढला, जिथे पत्रा चाळणी झाला होता तिथे सरळ कापूनच टाकला आणि त्याच जाडीच्या पत्र्याचे तुकडे कापून बसवले. कुलपाच्या भोकासाठी केलेली ती चकती तर रुपयाच्या नाण्यासारखी, कानशीने घासून घासून अशी केली की भोकात ठेवल्यावर आपोआप बसली. मग सीओटू वेल्डिंग, म्हणजे गॅस आणि तारेचं. मला वाटलं होतं एका बाजूने सुरू करून गोल फिरवतील, तुम्ही एक टाका इथे, एक त्याच्या बरोबर समोर, मग थांबायचं, ओलं फडकं ठेवायचं, चर्र आवाज, हात लावून बघायचं, मग पुढचा टाका. तुमचा पोरगा म्हणाला असं केलं नाही तर डिकीचा पत्रा एवढा पातळ आहे की तापून पापडासारखा वाकतो आणि मग कितीही पुट्टी भरा, उन्हात लाट दिसणारच. एका नाण्याएवढ्या भोकाला तुम्ही दीड तास घेतलात.

आणि तुमचा हात. डोळे मिटून, तळव्याखाली मलमलचं फडकं धरून तुम्ही डिकीवरून हात फिरवत होता, मला जिथे काही दिसत नव्हतं तिथे थांबून म्हणायचात "इथे आहे", आतून डॉली, म्हणजे आधाराचा लोखंडी ठोकळा, लावून हातोडीने दोन हलके ठोके, परत हात. पुट्टी लावली तीही अगदी साय धरावी तशी पातळ. त्यावर काळ्या रंगाचा हलका फवारा मारला तेव्हा मी घाबरले, म्हटलं हे काय, तर तुम्ही लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून घासायला लागलात, उंच जागेवरचं काळं पुसलं जातं आणि खड्ड्यात राहतं, म्हणजे खड्डा स्वतःच सांगतो मी इथे आहे. तीनदा केलंत हे.

रंगाचं तर मी घरी सगळ्यांना सांगत सुटले. डबा मारुतीचा सुपिरियर व्हाइटच, पण वीसेक वर्षं उन्हात राहून आमची गाडी जरा पिवळसर झालेली, नव्या रंगाची डिकी लावली असती तर लांबून ठिगळ दिसलं असतं. तुम्ही पिवळ्याचे थेंब टाकत, पत्र्याच्या तुकड्यावर मारून, वाळवून, बाहेर उन्हात मागच्या पत्र्याला चिकटवून बघत होता. पाचव्या तुकड्याला मान हलवलीत.

आता डिकीचं वायरिंग करणाऱ्या तुमच्या भाच्याचं. त्यालाही तेवढंच थँक्यू, किंबहुना माफीसुद्धा, कारण पहिल्या दिवशी मी त्याच्यावर चिडले होते. त्याने आधी सेंट्रल लॉकची साधी मोटर लावून बघितली, ती कण्हायची पण डिकी अडकवून ठेवणारं लॅच ओढायची नाही. मग मोठा सोलेनॉईड, म्हणजे करंट मिळाला की खटका ओढणारं विजेचं चुंबक, आणला, तोही कधी ओढायचा कधी नाही. मला वाटलं हा प्रयोग करतोय आमच्या गाडीवर. त्याने काही उत्तर न देता मीटर लावला, स्विच दाबल्यावर पुढे बॅटरीपाशी 12 व्होल्टच्या वर आणि मागे सोलेनॉईडपाशी 9 आणि काहीतरी. म्हणजे करंट वाटेतच अडत होता. मग त्याने मला बिजागरी दाखवली, डिकीला अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायची वाट) मिळत होता तो फक्त बिजागरीतून, आणि तिथे एवढा जुना रंग आणि ग्रीस की अर्थ धड पोचतच नव्हता. त्याने अर्थची वेगळी वायर बॉडीपर्यंत ओढली, मुख्य वायर जाड केली, बॅटरीजवळ फ्यूज टाकला, रिले बसवला म्हणजे मोठा करंट स्विचमधून जायला नको, आणि मग दाबलं तर असा खणखणीत आवाज आला की शेजारच्या लेथवाल्यानेही मान वर केली.

दुसरा रिले कशाला म्हणून मी विचारलं तर म्हणाला ताई, इग्निशन चालू असताना स्विच मेला पाहिजे, नाहीतर हायवेवर चुकून हात लागला आणि डिकी उघडली तर सामान रस्त्यावर आणि सायलेन्सरचा धूर आत. वायरी बिजागरीपाशी रबरी नळीतून नेताना थोडी सैल ठेवली, रोज उघड-बंद होऊन आतले तार तुटू नयेत म्हणून. आणि स्विच घंटीसारखा, दाबला तेवढाच चालू, नाहीतर सोलेनॉईडची कॉईल तापून जळते म्हणे.

लॉक सुटलं तरी डिकी वर येईना हे तर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. हँडल नाही, कुलपाची धरायची जागा नाही, नखं घालून उचलायची का? तुम्ही डिकी उचलून धरणारे दोन्ही शॉकर नवे घातले, कडेचे रबरी गुट्टे दोन-दोन आटे बाहेर काढले, आणि लॉक सुटल्याबरोबर डिकी चार बोटं वर येऊन थांबायला लागली, पुढे शॉकरच उचलतो, अण्णांनी डावा हात खाली लावला तरी पुरतं.

स्विच कुठे बसवायचा हे मी डॅशबोर्डच्या मधोमध सांगितलं होतं. तुम्ही अण्णांना फोन करून बोलावून घेतलंत, डाव्या सीटवर बसवलंत आणि म्हणालात "अण्णासाहेब, डोळे मिटा आणि डावा हात सहज पुढे करा." जिथे बोटं टेकली तिथे तुम्ही खडूने फुली मारलीत. स्विच आज बरोबर त्या फुलीवर आहे. अण्णांनी पहिल्यांदा दाबला, मागे खट् झालं, आणि ते आरशात वर गेलेली डिकी बघत बसले. मग बंद करायला लावली आणि परत दाबला. त्या दिवशी ते आठ-दहा वेळा दाबून झाले तरी तुम्ही एकदाही नको म्हणाला नाहीत.

रिंगचं काम तुम्ही बिलात धरलंच नव्हतं. सायकलच्या ब्रेकची केबल, लॅचच्या खटक्याला अडकवलेली, आतून सीटच्या मागे आणलेली आणि टोकाला चाव्यांच्या कीचेनची जुनी रिंग. मी विचारलं तर म्हणालात त्याचे काय पैसे घ्यायचे. गाडी न्यायच्या आधी पॅनल उघडून मला हात घालायला लावलात, दोनदा माझ्याकडून ओढून घेतलीत. तेव्हाच डिकीच्या आतल्या बाजूला, वेल्डिंगच्या मागे, तुम्ही प्रायमर मारून सीलंट आणि त्यावर गंज धरू नये म्हणून मेणाचा जाड थर दिलेला दिसला. आतलं पॅनल परत बसलं की ते कुणालाच दिसणार नाही. यंदाचा अख्खा पावसाळा गेला चाचा, आपला कोल्हापूरचा पाऊस, आणि परवा मी मुद्दाम पॅनल काढून टॉर्च मारून बघितलं. एक ठिपका नाही.

वाडीहून येताना अण्णा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले चाचांसाठी कवठाची बर्फी घ्यायची राहिली. ती पुढच्या खेपेला आणते. आणि त्यांनी मला रिंगला लाल नाडा बांधायला लावलाय, रात्री अंधारात हाताला पटकन सापडावी म्हणून.