गॅस गीझर न्हाणीघराबाहेरच हवा

महोदय,

थंडी पडताच साताऱ्यात घरोघरी गॅस गीझर पुन्हा सुरू झाले आहेत. आमच्या बारा वर्षे जुन्या गीझरची ज्योत निळीऐवजी पिवळी दिसू लागली, तेव्हा कारागिराने केवळ बर्नर पुसून तो चालू करून दिला, याची मला अजूनही धास्ती वाटते. पिवळी ज्योत हे बहुधा अपुऱ्या ज्वलनाचे लक्षण असते. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, गंधहीन असून हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक ओढीने चिकटतो, त्यामुळे बंद न्हाणीघरातील माणसाला धोका कळण्याआधीच शुद्ध हरपू शकते. (गळणाऱ्या सिलिंडरच्या गॅसला निदान वास तरी येतो.) आम्ही नवा गीझर बाहेर, मोकळ्या हवेत बसवला. वितरकांनी शेगडी तपासताना गीझरची जागाही पाहावी, ही विनंती.

– एक गृहिणी, सातारा